पांढऱ्या पट्ट्यांची जागा

एप्रिलची दुपार होती. कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत, शेवटच्या बाकावर संपदा पेपरला बसली, आणि शेजारच्या मुलाने तिच्याकडे हळूच फूटपट्टी मागितली.

"ताई... पट्टी आहे?"

संपदाने मान वर केली. तिला सगळ्यात जास्त राग त्या 'ताई'चा आला. सकाळपासून पुढच्या बाकांवरची पोरं तिला ताईच म्हणत होती. ती पहिल्या वर्षाची पोरं, आणि ती दुसऱ्या वर्षाची. पण पेपर पहिल्या वर्षाचाच, अर्थशास्त्राचा. राहून गेलेला. केटी. दोनदा देऊन झाला होता, ही तिसरी वेळ.

"ताई कोणाला म्हणतोस? तू माझ्याहून मोठा दिसतोस."

"दिसतो नाही, आहेच," तो म्हणाला. "माझी ही पाचवी वेळ."

त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की संपदाला हसूही आलं आणि संतापही आला. तिने पट्टी सरकवली. त्याच्या बोटांच्या टोकांना जांभळा रंग लागलेला होता – शाईचा नव्हे, कसल्यातरी भुकटीचा. नखांत थोडा केशरी. परीक्षेला येताना हातही न धुणारा माणूस, असं तिने मनात टिपून ठेवलं.

शेवटची दहा मिनिटं राहिली. मागणीची रेषा काढून समजावून सांगा, असा प्रश्न होता. संपदाने तो पाठ केला होता. काल केला होता, परवाही केला होता. आणि आता डोक्यात काहीच नव्हतं... नुसता पंख्याचा आवाज. रेषा वर जाते की खाली येते?

तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी बघितलं.

शेजाऱ्याने आकृती काढली होती. अशी आकृती तिने पुस्तकातही बघितली नव्हती. दोन्ही बाजू काटकोनात, टोकांना बारीक बाण, खाली हलकी छटा, आणि मधून एक रेषा – ठाम, स्वच्छ, डावीकडून उजवीकडे वर वर जाणारी. इतक्या खात्रीने काढलेली रेषा चुकीची असेल असं कोणाला वाटेल?

संपदाने ती उतरवली. तेवढ्यात घंटा झाली.

जूनमध्ये निकाल लागला. तिला शंभरात अडतीस. चाळीस लागत होते.

संपदा वसईजवळच्या भुईगावची. वडील विलास राऊत, घरची वाडी – केळी, पानवेल, थोडा चाफा. बारावीला तिला एक्याऐंशी टक्के होते, आणि तिथेच घोळ झाला. कॉलेज म्हणजे सुट्टी, असा तिने समज करून घेतला. पहिलं वर्ष कधी किल्ल्यात, कधी समुद्रावर, कधी नुसतं कॅन्टीनच्या कट्ट्यावर बसून गेलं. ती आजारी नव्हती, घरात कसलं संकट नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायला तिच्याकडे धड कारणही नव्हतं, आणि याचीच तिला जास्त चीड यायची. तीन विषय राहिले. दोन नंतर सुटले. अर्थशास्त्र मात्र जळवेसारखं चिकटून बसलं.

वकिलीचं मनात आलं ते दुसऱ्या वर्षी. तिची आत्या पुतळाबाई विधवा, शिकलेली नाही. सासरच्यांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला, म्हणाले, नुसता अंगठा उमटव, घरपट्टीचं काम आहे. शाईचं पॅड उघडलेलं होतं. संपदा सहज तिथे गेली होती. ती म्हणाली, "थांब आत्या, मी आधी वाचते." आणि तिने तो कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. घरपट्टीचा त्यात शब्द नव्हता. आत्याने जमिनीवरचा हक्क सोडल्याचा तो कागद होता. आत्याने अंगठा मागे घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "आता चहा घ्या सगळ्यांनी."

त्या दिवसापासून संपदाला दुसरं काही करायचं नव्हतं. पण वकिलीच्या कॉलेजात जायला आधी पदवी लागते, आणि पदवीला निदान पंचेचाळीस टक्के लागतात. संपदा एक्केचाळिसावर होती. शिवाय बाबांनी सांगून टाकलं होतं, "नोव्हेंबरात तो विषय सुटला तर पुढचं बोलू. नाहीतर वालीवला काकाने एका कारखान्याच्या ऑफिसात जागा बघून ठेवली आहे. झालं एवढं शिक्षण पुष्कळ झालं."

म्हणून ती उत्तरपत्रिका बघायला कॉलेजात गेली. दोनच तर मार्क. कुठेतरी मोजायचे राहिले असतील.

अर्थशास्त्राच्या लविना मॅडमनी पेपर तिच्यापुढे पसरला. "ही बघ तुझी आकृती. किंमत वाढली की लोक जास्त माल घेतात, असं तू काढलंस. मला सांग, उद्या तुमच्या वाडीतली केळी दुप्पट महाग झाली, तर गिऱ्हाईक दोन फण्या जास्त नेतं का गं?"

संपदाने मान हलवली, नाही.

"इतकी वर्षं शिकवतेय. ही चूक क्वचित कोणी करतं," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "यंदा दोघांनी केली. एकाच बाकावर."

संपदाचे कान तापले. मॅडमनी आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं.

"हे दोन मार्क मला देता येणार नाहीत. आणि दिले तरी तू घेऊ नयेस. आता नीट ऐक. पहिल्या वर्षाचे आकडे गेले. ते कोणी पुसत नाही. हा एक विषय सोडव आणि शेवटच्या दोन सत्रांत साठीच्या घरात जा, म्हणजे तुझी गाडी पंचेचाळिसाच्या वर येते. हिशेब मी केलाय. अभ्यास मी करणार नाही."

संपदा बाहेर आली, तर तो व्हरांड्यात उभाच होता. हातात तिची फूटपट्टी.

"ही राहिली होती माझ्याकडे. किती पडले?"

"अडतीस."

"माझे बावीस. तू हुशार आहेस."

"हुशार?" संपदाचा बांध फुटला. "तुझ्यामुळे नापास झाले मी! कोण काढतं अशी रेषा? मागणी खाली येते, खाली! दगड सोडला तर तोही खाली येतो, आणि तुझी रेषा गच्चीवर चढते!"

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हणजे... तू माझं बघून लिहिलंस?"

संपदाने त्याच्या हातातली पट्टी ओढली, पण त्याने ती सोडली नाही.

"माझं?" तो पुन्हा म्हणाला. "पाच वेळा बसलेल्या माणसाचं? आजवर माझं कोणी बघितलेलं नाही. माझ्याशेजारी बसले की लोक वही झाकून घेतात... त्यांना वाटतं लागण होईल."

"रेषा चांगली काढली होतीस," ती चिडून म्हणाली. "म्हणून फसले."

"वर जाणारी रेषा बरी दिसते. खाली जाणारी उदास वाटते."

"अर्थशास्त्र आहे ते! शोभेचं काम नाही!"

त्याचं नाव हरेश्वर. राहणारा जूचंद्रचा. जूचंद्रला घरोघर रांगोळीचा हात, आणि याचा हात त्यातही नावाजलेला. माणसाचा चेहरा असा काढायचा, की बघणारा आधी नमस्कार करायचा आणि मग खाली वाकून बघायचा की फोटो आहे की भुकटी. बोटांचा जांभळा रंग त्याचाच. त्याला शाळेत चित्रकला शिकवायची होती, पण पदवी याच एका विषयावर अडकली होती.

"मी तुला शिकवते," संपदा म्हणाली. आपण हे का म्हणालो, ते तिचं तिलाच कळलं नाही. "तुला शिकवता शिकवता माझं पाठ होईल. उपकार समजू नकोस."

"समजत नाही," हरेश्वर म्हणाला. "पण पट्टी मी ठेवून घेतो."

मग दर शनिवारी संपदा स्कूटीवरून नायगावचा पूल ओलांडून जूचंद्रला जाऊ लागली. हरेश्वरच्या घराच्या ओटीवर अभ्यास चालायचा. त्याची आई प्रेमलताकाकू आधी पितळी तांब्या पुढे करायची. "पानी पी आदी पोरी. मंग वरड त्याला."

आणि संपदा ओरडायचीच. हरेश्वरला वाचून काही कळत नसे. फरशीवर चिमटीने रांगोळी सोडत तो आकृती काढायचा आणि मग विचारायचा, "आता किंमत इथे गेली, तर ही माणसं कुठे जातील?" त्याच्या आकृतीत माणसं असत! बिंदूच्या जागी टोपलीवाल्या बायका, पिशवीवाले म्हातारे.

"बिंदू काढ, हरेश्वर. नुसता बिंदू. परीक्षकाला टोपली नको आहे."

"बिंदू कुठे केळी घ्यायला जातो?"

"तुझ्याशी बोलून डोकं फिरतं माझं!"

"मग रोज बोलत जा ना. शनिवारची वाट कशाला बघायची?"

असं काहीतरी तो मध्येच बोलायचा, मान वर न करता. संपदा पुस्तकाचं पान उलटायची. कधीकधी दोन पानं एकदम उलटली जायची.

पण एक झालं. टोपल्या आणि पिशव्यांच्या नादात तिला विषय कळायला लागला. पाठांतर नव्हे – कळायला. कॉलेजातही ती आता पहिल्या बाकावर बसायची, न समजलेलं तिथल्या तिथे विचारायची. मैत्रिणी थट्टा करायच्या. तिला त्यांच्यावर चिडायलाही वेळ नव्हता.

दिवाळीला जूचंद्रमध्ये रांगोळ्या मांडतात आणि लांबलांबून माणसं बघायला येतात. त्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी संपदाचा फोन वाजू लागला तो थांबेचना. मामेबहिणीने फोटो पाठवला. मग शेजारणीने. मग वाडीतल्या ग्रुपवर आला.

फोटोत संपदा होती. काळा कोट घातलेली, हातात कागद, मान किंचित तिरकी. खाली पाटीवर लिहिलं होतं – अॅडव्होकेट संपदा.

"अगं बाई," आई म्हणाली, "तू कधी झालीस?"

दुपारपर्यंत दारात तिघं उभे. एकाला बांधाची तक्रार, एकीला सुनेने बाहेर काढलेलं, आणि एक म्हातारा सातबारा घेऊन आलेला. "वकीलबाई, एवढं वाचून सांगा." संपदा सांगत होती, अहो मी अजून पहिल्या वर्षाचा पेपर देतेय! कोणी ऐकेना. म्हाताऱ्याला वाटलं, ही फी वाढवून घेतेय.

संध्याकाळी ती जूचंद्रला पोचली ती रांगोळी झाडून टाकायला केरसुणी मागायलाच. शाळेच्या वर्गात रांगोळी होती. आजूबाजूला गर्दी, आणि रांगोळीवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून हरेश्वर एका कडेला रंग सावरत होता.

"बाहेर ये," ती दबक्या आवाजात म्हणाली. "नाहीतर मी आत येते आणि पायाने पुसते."

"अकरा दिवसांचं काम आहे."

"कोणाला विचारून केलंस? माझ्या परीक्षेला बारा दिवस राहिलेत! तुझ्याही! अकरा दिवस तू हे करत होतास? दारात माणसं सातबारा घेऊन उभी आहेत, हरेश्वर! आणि..." तिचा आवाज एकदम खाली आला. "आणि मी कॉपी केली होती. तुला माहीत आहे. ज्या पोरीने कॉपी केली तिला तू काळा कोट घातलास. लोक हात जोडतायत तिला. मला बघवत नाही ते."

हरेश्वरने चिमटीतला रंग डबीत सोडला. मग म्हणाला, "जवळ येऊन बघितलंस?"

"बघितलं फोनवर."

"फोनवर दिसत नाही. वाक."

ती वाकली. डोळे तिचेच होते, कपाळावरची बारीक आठी पण तिचीच – ओरडताना पडते ती. कोटाची काळी छटा, त्यात निळसर झाक. आणि गळ्याशी, वकिलाच्या पांढऱ्या पट्ट्या असतात तिथे, काहीच नव्हतं. रंग नव्हता. दोन पट्ट्यांच्या आकाराची उघडी फरशी तेवढी होती.

"पांढरा संपला?"

"पांढरा पोतंभर आहे," हरेश्वर म्हणाला. "ते भरायचं काम माझं नाही."

इतका वेळ साठवलेला राग कुठे ठेवावा, ते संपदाला सुचेना.

"पाटीवर 'अॅडव्होकेट' कोणी लिहिलं मग?" तिने शेवटी विचारलं.

"मंडळाच्या पोरांनी. मी नुसतं 'संपदा' सांगितलं होतं."

"पुसायला लाव."

"लावतो."

"आत्ता."

"आत्ता." तो उठला, आणि उठताना हळूच म्हणाला, "चिडलीस की ती आठी पडते ना... तीच जमायला तीन दिवस गेले."

तेवढ्यात गर्दीतून बाबा पुढे आले. बरोबर पुतळाआत्या. बाबा बराच वेळ रांगोळीकडे बघत राहिले. मग हरेश्वरकडे बघितलं, त्याच्या जांभळ्या बोटांकडे, आणि वळून बाहेर गेले. आत्या मात्र तिथेच जमिनीवर बसली आणि रांगोळीच्या कडेला, रंगाला धक्का न लावता, अंगठा टेकवून तो कपाळाला लावला.

घरी आल्यावर बाबा चपला काढता काढता म्हणाले, "वालीवला नको म्हणून कळवलं मी."

"बाबा, पण... मी सुटले नाही तर?"

"अख्ख्या वसईने बघितलंय आता. मला खोटं पाडू नकोस." मग आत जाताजाता, "आणि तो पोरगा कोण, ते पेपर झाल्यावर सांग. आधी नको."

बारा दिवस संपदाने मान वर केली नाही. पेपरात मागणीचाच प्रश्न आला. या वेळी हरेश्वर तिच्या पुढच्या बाकावर होता, आणि त्याची पाठ सोडून तिला काही दिसत नव्हतं. तिने रेषा काढली, डावीकडून उजवीकडे खाली येणारी, जराशी वाकडी, स्वतःची.

जानेवारीत निकाल लागला. संपदाला अठ्ठावन्न.

हरेश्वरला चौतीस.

"चौतीस!" ती व्हरांड्यात सगळ्यांसमोर ओरडली. "माझा कोट रंगवत बसलास आणि स्वतःचा विषय मागे ठेवलास! अकरा दिवस अभ्यास केला असतास तर आज... तुला कळतं का काही? मी सुटले आणि तू मागे राहिलास, मला कसं वाटत असेल?"

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

ती पाठ फिरवून म्हणाली, "शनिवारी पाच वाजता. आणि टोपल्या काढल्यास तर तांब्या डोक्यात घालेन."

त्या उन्हाळ्यात हरेश्वर बेचाळीस मार्कांनी सुटला. संपदाने दोन्ही सत्रांत साठ ओलांडले. पदवीचा आकडा आला सत्तेचाळीस. पहिल्या वर्षाचे मार्क गुणपत्रिकेवर होते तसेच राहिले. प्रवेशाच्या वेळी खिडकीमागच्या बाईंनी ते बघून भुवई उंचावली, तेव्हा संपदाने डोळे खाली घातले नाहीत. प्रवेश परीक्षा तिने चांगली दिली होती. वकिलीच्या कॉलेजात तिचं नाव लागलं.

आणि पुन्हा दिवाळी आली.

जूचंद्रच्या त्याच वर्गात तीच रांगोळी पुन्हा उमटली होती. तोच कोट, तीच आठी, गळ्याशी तीच उघडी फरशी. पाटीवर या वेळी फक्त 'संपदा'. हरेश्वरने फळीवर सरकून तिला जागा दिली आणि पांढऱ्या रांगोळीची डबी पुढे केली.

"भर आता."

"आता?" संपदाने डबीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "प्रवेश मिळालाय नुसता. तीन वर्षं आहेत अजून. एवढं शिकवलं तुला, तरी तुझी घाई सुटत नाही."

"तीन वर्षं मी हीच काढत राहू?"

"रहा. काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चिमटीतून कोटाच्या कडेवर निळा कण सांडला. "मी तीसही काढेन... मला दुसऱ्या कोणाचा चेहरा जमतच नाही आता. हे तुला केव्हाचं सांगायचं होतं. पण तू ओरडशील म्हणून–"

"ओरडणारच!" संपदा म्हणाली. "दीड वर्ष! दीड वर्ष मी दर शनिवारी पूल ओलांडून येतेय, ते काय अर्थशास्त्रासाठी? माझं तर जानेवारीतच सुटलं होतं!"

वर्गाच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. संपदाने त्याचा उजवा हात ओढला, तळवा उघडला, डबीतली चिमूटभर पांढरी रांगोळी त्यावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"ही तीन वर्षं सांभाळायची. सांडलीस तर बघ."

"म्हणजे... हो?"

"बाबांना विचारायला तू यायचंस. आणि हात धुऊन ये."

घरी प्रेमलताकाकूने चहा ठेवला. हरेश्वरने कप डाव्या हाताने उचलला, अर्धा बशीत सांडला.

"तुझे हाताला काय झाला रं?" काकू म्हणाली. "मूठ का धरलीस?"

हरेश्वरने मूठ मांडीवर आणखी घट्ट आवळली. संपदाने पितळी तांब्या जवळ ओढला आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.